नाव तिचं, गोळ्या दुसऱ्याच्या

नाताळच्या फराळाला घरी मंडळी जमली की मला एक गोष्ट सांगायला लावतात. गोष्ट म्हणजे माझी फजितीच. मी आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यासाठी संगणकाचं पान केलं तेव्हा त्यावर रुग्णांची नावं उमटायच्या ऐवजी किडे उमटले होते, ती. मी किड्यांची नक्कल करते, डॉक्टरांच्या चेहऱ्याची करते, भाचरं करंज्या खात हसतात आणि मी तिथेच थांबते. पुढचा भाग मी घरात एकदाच सांगितला आहे, तोही अर्धा. इथे सगळा लिहिते. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, एवढं एक बरं असतं.

साल नव्याण्णव. मी सत्तावीसची, सावेडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे विद्यार्थ्यांच्या दोन दिवस पुढे होते. माझी आत्या नगरातल्या एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टर होती, निवृत्तीला चार महिने राहिलेली. आमच्या घराण्यात नर्स आणि शिक्षक सोडून तिसरा प्राणी जन्मलेला नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरवाली भाची म्हणजे आत्याला मोठंच कौतुक. तिनेच डॉक्टरांना सांगितलं, "आमची पोरगी करून देईल. तुम्हांला पाहिजे त्या भाषेत."

डॉक्टरांना पाहिजे होतं ते साधं होतं. पेशंट खिडकीवर आला की त्याच्या नावाची चिठ्ठी छापून निघावी: वर नाव आणि गाव, खाली कोणती गोळी किती आणि केव्हा. आणि ते पेशंटला कळेल अशा भाषेत. खेड्यातल्या बायांना मराठीत, भिंगारकडच्या लष्करातल्या लोकांना हिंदीत, काहींना इंग्रजीत. डॉक्टरांचं अक्षर मेडिकलवाल्याशिवाय कुणाला लागत नसे. "मी काय लिहितो ते निदान घरच्यांना वाचता येऊ दे," असं ते स्वतःच म्हणाले.

त्या काळी मराठी संगणकात शिरायची ती फॉन्टच्या पाठीवर बसून. आत खरी इंग्रजी अक्षरंच असायची. वरून मराठी फॉन्टचं कातडं चढवलं की ती मराठी दिसायची. कातडं चढवायला विसरलं की आतला सापळा बाहेर. मी जावा नावाच्या संगणकी भाषेत पानाचा साचा केला. साचा म्हणजे लग्नपत्रिकेसारखा प्रकार, मजकूर ठरलेला आणि नावांच्या जागा कोऱ्या, त्या ज्याच्या त्याच्या माहितीने भरायच्या. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर बटण दाबलं आणि कातडं चढलंच नाही.

डॉक्टर चष्मा वर करून पाहत राहिले. "ही कुठली लिपी? मोडी?"

"नाही डॉक्टर, मराठीच आहे."

"मग मराठीला काय झालंय?"

आत्या माझ्या मागून म्हणाली, "दात यायचेत अजून तिला, डॉक्टर. आठ दिवस द्या."

भाचरं हसतात ती इथपर्यंत.

त्या आठ दिवसांत मी जे केलं ते मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. पानाचे तीन भाग होते: नाव, गाव, औषध. तिन्हींना पेशंटची भाषा कळायला हवी, म्हणजे ज्याला त्याला बरोबर कातडं चढेल. मग मी असं ठरवलं की भाषा, नाव आणि औषध ही सगळी माहिती पानाच्या डोक्यावर एकाच जागी ठेवायची आणि तिन्ही भागांनी तिथून उचलायची. अशा माहितीसाठी जावाच्या पानात दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक जागा प्रत्येक माणसासाठी नवी कोरी होते. दुसरी जागा येणाऱ्या सगळ्या माणसांत मिळून एकच असते, जशी वर्गात सगळ्या पोरांत मिळून एकच पाटी. पुण्याहून आणलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये दोन्ही शेजारी शेजारी होत्या आणि लिहिताना फरक फक्त एका उद्गारचिन्हाचा. मी पाटी निवडली. ती तिन्ही भागांना दिसत होती, मला तेवढंच हवं होतं.

आणि मी तपासलं. तपासलं नाही असं कुणी म्हणू नये. मराठी नाव, हिंदी नाव, इंग्रजी नाव, पुन्हा मराठी; दहादा, वीसदा. प्रत्येक वेळी चिठ्ठी बिनचूक. फक्त मी एकटी होते आणि माझ्याकडे संगणक एकच होता. एकच पोर असेल तर पाटी एक असली काय आणि दहा असल्या काय.

महिनाभर दवाखान्यातही एकाच खिडकीवर काम चाललं. लोक चिठ्ठ्या घड्या घालून खिशात ठेवू लागले. डॉक्टरांनी मला चहा पाजला. डिसेंबरात, एका बुधवारी, दुसऱ्या खिडकीवर दुसरा संगणक पहिल्याला वायरने जोडून बसवला. गुरुवारी शुगरच्या पेशंटांची ओपीडी असायची, गर्दी फार, म्हणून. एका खिडकीवर आत्या, दुसरीवर केसपेपरचे क्लार्क. गुरुवारी संध्याकाळी आत्या घरी येऊन म्हणाली, निम्म्या वेळात रांग संपली. मी त्या रात्री छान झोपले.

शनिवारी सकाळी नऊला क्लासमध्ये तिचा फोन आला. आवाज अगदी साधा, आणि तिचा आवाज साधा झाला की समजायचं काहीतरी झालंय.

"तू ये इकडे. लुना घेऊन येऊ नको, रिक्षाने ये."

"का?"

"हात थरथरतील तुझे. ये."

दवाखान्यात आत्याच्या टेबलापुढे भिंगारचे एक रिटायर्ड सुभेदार बसले होते. पुढ्यात गुरुवारची चिठ्ठी. वर त्यांचं नाव, हिंदीत, बरोबर. खाली औषध मराठीत.

"सिस्टर, मैं तो हँसने आया था," ते म्हणाले. "मराठी मैं पढ़ लेता हूँ, बीस साल हो गए यहाँ. पर मेरी तो आधी गोली है सुबह की. इसमें सुबह एक, शाम एक लिखा है. ये किसकी है?"

मी चिठ्ठीकडे पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. कळायला एवढंसुद्धा लागत नव्हतं, तर ते महिन्यापूर्वी का कळलं नाही हा प्रश्न लगेच मागून आला. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी बटण दाबलं गेलं होतं. सुभेदारांचं नाव छापून झालं, आणि औषधाची ओळ छापायच्या आत दुसऱ्या खिडकीवरच्या पेशंटने पाटी पुसून आपली माहिती लिहिली. वरची ओळ ह्यांची, खालच्या त्याच्या.

पण खरी भीती ह्याची नव्हती. सुभेदारांच्या चिठ्ठीतली चूक सापडली ती भाषा बदलली म्हणून. हिंदीखाली मराठी आलं म्हणून डोळ्यांत खुपलं. मराठीखाली मराठी आलं असेल तर? गुरुवारी सगळे शुगरचे पेशंट, बहुतेकांना गोळी तीच, फरक फक्त अर्धी का एक, एकदा का दोनदा एवढाच. वर आपलं नाव, खाली आपल्याच गोळीचं नाव, आपल्याच भाषेत. असा माणूस चिठ्ठी परत घेऊन कशाला येईल?

"किती जणांचं झालं असेल?" आत्याने विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणाले. संगणक कोणतं पान कोणत्या सेकंदाला दिलं ते एका फायलीत लिहून ठेवतो, केसपेपरच्या नंबरासकट. ती फाईल उघडली. माझं बोट पडद्यावर टेकून टेकून चालत होतं आणि त्याचा घामाचा पट्टा उमटत होता. एकाच सेकंदात दोन्ही खिडक्यांवरून मागितलेली पानं शोधायची, मग त्या जोड्यांचे डोस डॉक्टरांच्या हातच्या कार्डांशी ताडायचे. आत्या कार्ड काढून वाचायची, मी नंबर सांगायचे. बहुतेक जोड्यांत दोघांचा डोस एकच होता. त्या प्रत्येक वेळी आत्या हळूच "देवा" म्हणे आणि पुढचं कार्ड काढे.

सुभेदार सोडून तीन जण उरले. दोघं नगरातलेच, क्लार्क सायकलवर गेले आणि तासाभरात दोघांनाही गाठून आले. एकाने गोळ्या सुरूच केल्या नव्हत्या, दुसऱ्याची बायको चिठ्ठी बघत नसे, तिला पाठ होतं.

तिसरी एक बाई, जामखेडच्या पुढच्या एका खेड्यातली. वय बासष्ट. सकाळी अर्धी गोळी. चिठ्ठीवर गेलं असणार: सकाळी एक, संध्याकाळी एक. गावात फोन नाही.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "ह्यांना अर्धीसुद्धा जास्त होत होती. मी पाववर आणणार होतो." मग माझ्याकडे पाहून, रागाने नाही, नुसतंच सांगितलं, "चौपट होतंय हे. साखर फार खाली जाईल. घाम, चक्कर, असंबद्ध बोलणं दिसलं तर ग्लुकोज पाजा. शुद्धीवर नसतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आज तिसरा दिवस आहे."

साडेअकराच्या एसटीत आत्या आणि मी बसलो. आत्याच्या पर्समध्ये ग्लुकोजचे दोन पुडे आणि बायबल. नगरहून जामखेडला जाताना मध्ये बीड जिल्ह्याचा तुकडा लागतो, पुन्हा आपला जिल्हा येतो. रस्ता तेव्हा असा होता की ग्लुकोज आतल्या आत विरघळावं. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कणसं बाहेर पडलेली. मी खिडकीकडे तोंड करून हिशेब करत होते: गुरुवार संध्याकाळ एक, शुक्रवार दोन, आज सकाळ एक. पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती मला दवाखान्यातच कळली होती. सहा ओळी. त्या पाटीवरून काढून खाली सरकवायच्या, म्हणजे प्रत्येक पेशंटला आपापली कोरी जागा मिळते. दोन मिनिटांचं काम. ते मी निघायच्या आधी केलंही होतं आणि दुसऱ्या संगणकाची वायर काढून आले होते. ह्या दोन मिनिटांना आता काय करायचं ते कळत नव्हतं.

त्या महिन्यात सगळं जग दोन हजार सालाला घाबरलेलं. कंडक्टरसुद्धा पुढच्या सीटवरच्या माणसाला सांगत होता, एक तारखेला समदी कॉम्प्युटर बंद पडणार, बँका बुडणार. "म्हून आपन बँकेत ठेवतच न्हाई," तो माणूस म्हणाला. मला वाटलं, बंद पडले तर बरंच.

कडा गाव मागे गेल्यावर आत्या म्हणाली, "हे बघ. तिथे गेल्यावर तू बोलू नको. मी सांगते की सिस्टरकडून चिठ्ठी चुकीची गेली. चाळीस वर्षं केलीत मी, माझं दोन-अडीच महिन्यांत संपणार. तुझं सुरू व्हायचंय."

 इथे मी "नको आत्या" म्हणाले असं लिहिता आलं असतं. म्हणाले नाही. मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं ह्याची भीती वाटली, पण हलकं वाटलंच.

जामखेडहून पुढे जीप. गावात शाळेजवळ उतरून विचारत गेलो. दोन खोल्यांचं घर, निळं दार, दाराला कडी. अंगणात वाळत घातलेली गोधडी, एक कोंबडी. मी कडी वाजवली. कडी बाहेरून लावलेली असताना कडी वाजवणारी मीच.

शेजारची बाई धुण्याचा पिळा हातात घेऊन आली. "कोन पायजे?"

आत्याने सांगितलं.

"म्हातारीला जामखेडला न्हेलंय. काल सांजच्याला घामानं भिजली, काय बी बरळाय लागली. सकाळी उठंचना. मग न्हेली जीपमधी."

"जिवंत आहेत ना?" मी विचारलं. आत्याने माझा दंड धरला.

"सकाळी तर हुती," ती म्हणाली. "सुनंनं काय दिलं कुनास ठावं. लई गोळ्या चारल्या म्हनत्यात."

ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने परत. जीप भरेपर्यंत हलणार नव्हती. आत्या जीपवाल्याला म्हणाली, "मी नर्स आहे, पेशंटकडे चाललेय, आत्ता काढ." तो म्हणाला, "सिस्टर, आनखी दोघं येऊ द्या की." आत्या नुसती त्याच्याकडे बघत राहिली, वॉर्डात बघायची तशी. त्याने काढली. वाटेत ती डोळे मिटून प्रार्थना करत होती. मला शब्द सुचेनात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थनासुद्धा तिसऱ्या ओळीवर अडकायची आणि मी पुन्हा पहिलीवर यायचे.

सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट. म्हातारी होती. सलाइनची बाटली लटकत होती आणि तिचे डोळे उघडे होते. आत्या सरळ खाटेपाशी गेली, मनगट धरलं, कपाळाला हात लावला, विचारलं, "मावशी, काय खाल्लं आज?"

"च्या पाजला साखरंचा," म्हातारी म्हणाली. आवाज खोल गेलेला. "इतकी साखर तर पोरीच्या लग्नात घातली न्हवती."



ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सकाळीच ओळखलं होतं, वेळेवर आणली म्हणाले, दुपार झाली असती तर सांगता आलं नसतं. हे त्यांनी आत्याला सांगितलं. मी ते ऐकत होते आणि खाटेच्या पायथ्याशी काय चाललंय ते पाहत होते.

तिथे सून बसली होती, पंचवीस-तिशीची, जमिनीवर, गुडघ्यांना मिठी मारून. तिच्या समोर उभी होती ती नणंद. सासरहून बातमी ऐकून थेट आलेली, पिशवी अजून खांद्यावर.

"आई जड झाली व्हय तुला?" नणंद म्हणत होती. "अर्धी गोळी खात हुती ती दोन वर्सं. तुला म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत हुतं."

"मग?"

"कागदावर एक लिव्हलंय. सकाळी एक, सांजच्याला एक. डाक्टरनी वाढवली आसंल आसं वाटलं." तिने पदराआडून कागद काढला. माझी चिठ्ठी. चार घड्या, कडा मऊ झालेल्या. "मी वाचलंय की. सातवी झालीया मी."

"सातवी झालीया म्हने. डाक्टरीन झाली."

"आदी कागद इंग्रजीत यायचा, मला कळायचा न्हाई, म्हून मी आत्यांनाच इचारायची किती द्यायची. आता मराटीत आला. आत्यांनी सांगितलं अर्धी, मी म्हनलं न्हाई, कागदात एक हाय. मी वाचूनशान दाखवलं त्यास्नी."

ती आत्या म्हणत होती ती सासूला. माझी आत्या खाटेपाशी ताठ झाली. आणि माझी चूक खरी किती खोल गेली ते मला तिथे कळलं. वाचता येत नसतं तर ह्या बाईने सासूला विचारलं असतं आणि अर्धीच दिली असती. मी अक्षरं इतकी स्वच्छ काढून दिली, इतकं बरोबर कातडं चढवलं, की म्हातारीच्या तोंडच्या बरोबर उत्तराला तिने खोटं पाडलं.

आत्या वळली. "बाई, ऐका. चूक सुनेची नाही. मी नगरच्या दवाखान्यातली सिस्टर. चिठ्ठी माझ्या हातून—"

"त्यांच्या हातून नाही," मी म्हणाले.

मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने. वॉर्डातल्या बाकीच्या बाया बघायला लागल्या. मी नणंदेला सांगितलं की ही चिठ्ठी ज्या संगणकावर निघते त्याचं काम मी केलंय. वर तुमच्या आईचं नाव छापलं, खाली दुसऱ्याच पेशंटच्या गोळ्या छापल्या. तुमच्या भावजयीने कागदात जे होतं तेच दिलं. कागदच खोटा होता. तो मी केला.

नणंद माझ्याकडे बघत राहिली. शिव्या येतील असं वाटलं. आल्या असत्या तर सोपं झालं असतं. ती म्हणाली, "तू नर्स हाय का?"

"नाही."

"डाक्टर?"

"नाही. कॉम्प्युटर शिकवते."

"मग तू कशाला गोळ्या लिहिती?"



सून उठली. रडली वगैरे नाही. तिने तो कागद माझ्यापुढे धरला, उलटा, कोरी बाजू वर करून.

"हे लिहून द्या," ती म्हणाली. "आत्ता जे बोलला ते. तुमी आज जाल. मला त्या गावात ऱ्हायचंय. समदी म्हनत्यात मी चारल्या."

आत्याने पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून मी लिहू लागले. नगरला ती म्हणाली होती तसे हात खरंच थरथरत होते. माझं अक्षर डॉक्टरांच्या वर गेलं. चूक माझी आहे, सुनेची नाही, गोळी सकाळी अर्धीच होती, छापलेली बाजू धरू नये. खाली सही केली.

सुनेने कागद घेतला आणि मान हलवली. "हे न्हाई वाचता येत. नीट लिव्हा. एक एक अक्षर सुटं."

मी आत्याच्या डायरीचं पान फाडून पुन्हा लिहिलं. शाळेत शुद्धलेखनाला लिहितात तसं, हळूहळू, रेघ ओढून. तिने ते आधी मनातल्या मनात वाचलं, ओठ हलवत. मग नणंदेकडे तोंड करून मोठ्याने वाचलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. माझ्या नावाशी ती थांबली, पुन्हा एकदा म्हणाली, आणि पुढे गेली. नणंद खाली बघत होती. खाटेवरून म्हातारी म्हणाली, "मी सांगितलंच हुतं अर्धी."

"व्हय, सांगितलं हुतं," सून म्हणाली. तिने कागदाची घडी केली, ब्लाऊजमधल्या पाकिटात घातली आणि सासूच्या मानेखालची ओली उशी काढून तिथे आपली शाल घडी करून ठेवली. मग आमच्याकडे वळून न बघता म्हणाली, "पाचची येस्टी हाय नगरला. तुमी जावा आता."